तारेपलीकडची माय

सुकरू,

वावराले तारेचं कुंपण लावताना थोरल्या बहिणीले, या बाईले, विचारावं, असं तुले काऊन वाटलं नाई? पेरणीआधी आपण गोंड अनवाणी गावाची शीव धावत फिरतो. तू म्हणतो, "धावून का पाणी पडते?" पाण्यासाठी कोण धावते रे साहेबा! धरतीले नांगरानं फाडाच्या आधी तिची माफी मागतो आपण. मागच्या साली तुह्या तारेपायी आम्ही वळसा घातला अन तुहं वावर धावेच्या बाहेर राह्यलं. त्याच वावरात आपली माय पुरली हाय. औंदा मी वळसा घालत नाई.

हे पत्र तुही बायको चुलीत घालन, म्हणून टाकत नाई. समुद्रपूरच्या येष्टीवाल्यासंग एवढाच निरोप धाडते: सोमवारी धाव हाय. तार तू काढतो का मी तोडू? रविवारपर्यंत सांग.

तुही बाई,
मैना