दोनशे चाळिसावा दिवस

९ डिसेंबर

आजही परत पाठवलं! सलग तिसरा दिवस. सातच्या भोंग्याला चौदाच्या चौदा बाया हजर. एकीला शिंक नाही, एकीचं पोर आजारी नाही. हजेरीवाल्याने वही मिटली आणि गेटाबाहेर आमच्याकडे बघून हात हलवला – जा घरी. आम्ही बदलीवाल्या पाचजणी. माझं नाव यादीत पहिलं. पहिलं असून काय चाटायचंय?

कायमची बाई आली नाही तरच बदलीवालीला काम. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर नाव कायमच्या यादीत. माझे दोनशे तेहतीस झालेत. सात हवेत, ३१ तारखेच्या आत. एक जरी कमी पडला तरी एक जानेवारीला पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. गेल्या वर्षी लांबडीचे दोनशे अडतीस झाले होते. लांबडी यादीत माझ्यामागे आहे. त्या दोन दिवसांबद्दल ती आता काही बोलत नाही, नुसती हसते. ते हसणं बघवत नाही.

ही वही हॉस्पिटलाच्या धुलाईतलीच. चादरींची संख्या लिहायचे छापील कागद, मागून कोरे. टाकून देत होते, मी आणले. घरात बोलायची सोय नाही. ह्यांच्यापुढे रडले तर ते उठून कामाला निघतील, आणि तेच तर नको आहे.

१० डिसेंबर

चौदा हजर. मेल्यांनो, पडा की आजारी!

१२ डिसेंबर

ताप आला! म्हणजे बायांना. काल दोघी, आज तिघी. काल मी, आज मी. दोनशे पस्तीस!!

आत गेले की बरं वाटतं. बॉयलरची ऊब, साबणाचा वास, ओल्या चादरींचे ढीग. मला मावशीशेजारी रोलरवर लावलं. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतली. सख्खी नाही, पण सख्ख्यांनी काय दिवे लावलेत! दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या गोदामाला टाळं लागलं तेव्हा हिनेच मला हाताला धरून मुकादमीणबाईंपुढे उभं केलं. गरम रोलरमध्ये चादर सारायची कशी तेही हिनेच शिकवलं. "बोटं आत दुमडून धर, चादर तळव्याने ढकल. घाई केलीस तर चादरीबरोबर तूही इस्त्री होऊन बाहेर पडशील." अजूनही मी वाकले की तेच म्हणते.

दुपारी एकजण सांगत होती, तापवाल्या बाईची धाकटी मुलगीही अंथरुणाला खिळलीय. माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." सगळ्या बघायलाच लागल्या. मी म्हटलं, बरं झालं औषध वेळेवर मिळालं ते. कुणाला पटलं नाही.

१६ डिसेंबर

हे आज मला न सांगता नाक्यावर गेले. कुणाचं तरी कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. अर्ध्या जिन्यात बसकण मारली. दोघांनी रिक्षात घालून आणलं. तोंड पांढरंफटक, घामाने डबडबलेलं. जांघेतली गाठ आता मुठीएवढी झालीय.

हॉस्पिटलात नेलं. माझ्याच हॉस्पिटलात! डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, ऑपरेशन लवकर करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. जड उचलायचं नाही. मी म्हटलं, साहेब, ते हमाल आहेत. मग त्याने विचारलं, इथे कुणी कामाला आहे का तुमचं? कायम असेल तर घरच्यांचं सगळं फुकट होतं. मी म्हटलं, मीच आहे. पण बदली. तो म्हणाला, अच्छा. कागदावर काहीतरी लिहीत होता ते थांबला.

ज्या खाटेवर ह्यांना तपासायला झोपवलं तिच्यावरची चादर कदाचित मीच वाळवली असेल. संताप संताप झाला. ह्या घरातल्या माणसाला तिथे एक रात्र निजायला मिळत नाही!

पोरगी दिवसभर बापाच्या उशाशी. नऊ वर्षांची आहे. मला म्हणते, "आई, अजून किती दिवस?" म्हटलं पाच. ती म्हणाली, "मग पाचच तर आहेत."

१७ डिसेंबर

दोनशे छत्तीस! आणि कशामुळे? एक बाई पास घरी विसरली! पास दाखवल्याशिवाय वॉचमन कायमवालीला आत सोडत नाही. नवा हवा तर ऑफिसात अर्ज, आणि ऑफिस उघडतं दहाला. तोवर खाडा लागलेला. ती रडत होती, वॉचमनच्या हातापाया पडत होती. हजेरीवाल्याने माझं नाव घेतलं आणि मी तिच्या अंगाला घासून आत गेले. मागे वळून बघितलं नाही.

२० डिसेंबर

दोनशे सदतीस.

मावशीचे गुडघे सुजून टंच झालेत. आज दोनदा रोलरला धरून उभी राहिली. संध्याकाळी शेक द्यायला गेले तर पोरगी आधीच तिच्याकडे. मावशीला वाचता येत नाही, म्हणून ऑफिसचा कुठलासा कागद पोरगीकडून वाचून घेत होती. मला बघताच कागद उशीखाली. घरी येऊन पोरगीला विचारलं तर म्हणे, "गुपित आहे. शपथ घातलीय." घ्या! म्हातारी आणि चिमुरडी, आणि गुपितं करतायत!

शेकताना म्हटलं, मावशी, दोन दिवस रजा घ्या की. गुडघ्यांनाही आराम. पुढचं बोलले नाही, पण तिला कळलं. म्हणाली, "नाही गं परवडत मला रजा." मी हसलेच. न परवडायला काय झालं? कायमची बाई, भरपगारी रजा मिळते! एकटा जीव, ना नवरा ना मूल. हे सगळं मनातल्या मनात.

२२ डिसेंबर

दोनशे अडतीस. लांबडीने मागून खांद्यावर हात ठेवला, "इथपर्यंत मीही आले होते." तिचा हात झटकला.

२४ डिसेंबर

दोनशे एकोणचाळीस!!! आता एकच! फक्त एक!

ह्यांनी आज भात पोटभर खाल्ला. म्हणाले, ऑपरेशन झालं की पहिल्यांदा पोरगीला खांद्यावर घेईन. पोरगी म्हणाली, "मी आता मोठी झाले, बाबा, तुमची पुन्हा गाठ येईल." तिघंही हसलो. कितीतरी दिवसांनी.

२६ डिसेंबर

डोकं धरून बसले आहे. फळ्यावर नोटीस लागलीय – वर्षाचा शेवटचा आठवडा जी पूर्ण भरेल तिला हॉस्पिटलाकडून ब्लँकेट. म्हणजे झालंच की! आता मेलेली बाईसुद्धा उठून कामाला येईल.

२७ डिसेंबर

चौदा हजर.

२८ डिसेंबर

चौदा. एकीला खोकून खोकून उभं राहवत नव्हतं, तरी आली. ब्लँकेटसाठी! मी तिला म्हटलं, बाई, मी देते तुला ब्लँकेट, घरी जा. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

२९ डिसेंबर

चौदा. मुकादमीणबाईंना गाठलं. म्हटलं, एक दिवस जास्तीची घ्या, पैसेही नको, नुसतं नाव लावा. त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर!" मग कुणाच्या हातात आहे?

ह्यांना काल रात्रीपासून उलट्या.

३० डिसेंबर

चौदा.

संध्याकाळी मावशीकडे गेले. लाज सोडून सरळ मागितलं. पाय धरले. मावशी, उद्या एक दिवस येऊ नका. एकच दिवस. माझ्या कुंकवासाठी मागतेय. ती माझं डोकं कुरवाळत राहिली, पण म्हणाली, "दुसरं काहीही माग. हे नको मागूस." मी म्हटलं, ब्लँकेट एवढं प्यारं झालं? तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठली. भिंतीला धरून, एकेक पाऊल.

दारामागे खिळ्याला तिचा पास लटकत होता. जुना, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावरच्या फोटोत मावशी तरुण आहे, केस काळेभोर, हसतेय. स्टो पेटवायला ती पाठमोरी झाली.

चहा प्यायले. चांगला झालाय म्हटलं. घरी आले.

पास पिठाच्या डब्याखाली आहे.

३१ डिसेंबर

दोनशे चाळीस.

भोंग्याआधी मावशी गेटापाशी पिशवी उलटीपालटी करत होती. रुमाल, डबा, चष्म्याची डबी, सगळं जमिनीवर. "खिळ्यालाच होता हो! वीस वर्षं खिळ्यालाच आहे!" वॉचमन तिला ओळखतो, वीस वर्षं रोज बघतो. पण आत मुकादमीणबाई उभ्या होत्या, तो काय करणार? मावशीने माझ्याकडे बघितलं. "तू बघितलास का गं?" मी म्हटलं, नाही.

हजेरीवाल्याने माझं नाव पुकारलं.

दिवसभर तिच्या रोलरवर होते. बोटं आत दुमडून धरायची विसरले, दोन बोटं भाजली. चांगलंच झालं.

ह्यांना सांगितलं, भरले! त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "तू जिंकलीस." मी तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाही.

एक दिवसाचा तर खाडा! काय बिघडलं? ब्लँकेट हुकलं, एवढंच ना? पुढच्या वर्षी माझं मिळालं की देईन तिला. दोन देईन.

१ जानेवारी

पोरगी सकाळपासून रडत होती. शेवटी बोलली. शपथ मोडली म्हणून आणखी रडली.

तो कागद ताकीद होती. गुडघ्यांपायी मावशीच्या सगळ्या रजा संपल्या, वर सहा खाडे झालेत. वर्ष संपायच्या आत आणखी एक खाडा पडला तर नाव कमी करण्यात येईल. पोरगीने सगळं पाठ म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं.

म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, "आजी म्हणाली, तुझी आई आधीच काळजीत आहे. तिला कळलं तर ती बिचारी माझ्यासाठी थांबेल."

थांबेल! मी!

२ जानेवारी

मावशीचं नाव कमी झालं.

मुकादमीणबाईंनी मला बोलावलं. "नशीबवान आहेस हो. नाव यादीत गेलं की बाया वर्षानुवर्षं जागेची वाट बघतात. तुला लगेच रिकामी जागा!" रोलरची. उद्या पासासाठी फोटो घेऊन ये म्हणाल्या.

तोंडापर्यंत आलं होतं. बाई, पास मी घेतला. चार शब्द. पण ह्यांच्या उलट्या थांबत नाहीत. कालपासून गाठ आत जात नाही. नाही बोलले. उद्या बोलेन असंही नाही. मला माहीत आहे मी बोलणार नाही. माझ्यासारखी हलकट बाई मीच.

४ जानेवारी

माझ्या नव्या पासावर ऑपरेशन झालं. आतडं अडकलं होतं. डॉक्टर म्हणाला, आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही लागलं नसतं. पांढऱ्या स्वच्छ चादरीवर हे झोपलेत. नुसती बघत बसले.

घरी आले तर मावशी पोरगीला भात भरवत होती. हॉस्पिटलाच्या दारात थांबायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून इथे बसले म्हणाली. आळीतल्यांचे कपडे धुवायला घेतलेत तिने. बादल्या दारात. उकिडवं बसता येत नाही, म्हणून उभ्याने, स्टुलावर पाट ठेवून धुते.



६ जानेवारी

मावशी आली, हातात बत्ता. पदराच्या गाठीतून खिळा काढला, स्वतःच्या दारामागचा, आणि माझ्या दारामागे ठोकला. मी नको नको म्हणत राहिले. "पिशवीत ठेवू नकोस पास. निघताना समोर दिसला पाहिजे. आणि बोटं आत धर गं, भाजून घेतलीस ना?"

दारापर्यंत गेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऑफिसात मी अंगठा दिलाय, पास माझ्याच हातून हौदात पडला म्हणून. तेव्हा तू कुठे काही बरळू नकोस. माझी गेली ती गेली."

मग म्हणाली, "त्यावरचा फोटो तेवढा दे मला. माझा तेवढाच आहे."

पिठाचा डबा उचलला. दिला.