खिरीतला बदाम आणि आठवा ख्रिश्चन

१ डिसेंबर १९८६
कुणी येणार नाही! आस्गरचा फोन — "आई, यंदा नाताळ लोनेच्या माहेरी. तुला चालेल ना?" म्हणजे बायकोने ठरवलं आणि माझ्या लेकाने मान डोलावली. मेरेटे त्याच्याही वरताण. लेकीला ऊन हवंय म्हणे, स्पेनला निघालीय. म्हातारीने एकटीने बदक भाजावं आणि एकटीने खावं.

२ डिसेंबर
कपाटातून ह्यांचं नाणं काढलं. डेन्मार्कचा राजा आठवा ख्रिश्चन, १८४५, अस्सल सोनं. अशी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, असं हे हयात असेपर्यंत येईल त्याला ऐकवायचे. मागच्या बाजूला ढाल आणि तिच्या दोन्हीकडे गदा घेतलेले दोन उघडेवाघडे रानगडी. लहानपणी मुलं त्यांना आपलीच नावं द्यायची, आणि कोण कुणाला हाणणार यावर भांडायची.

दोघांना फोन केला. म्हटलं, यंदा नाताळच्या खिरीतला एकुलता अख्खा बदाम ज्याला सापडेल त्याला नेहमीचं मार्झिपानचं गोड डुक्कर नाही — हे नाणं! कुणालाच नाही सापडला, तर पुढच्या नाताळापर्यंत नाणं कपाटात. ज्याला सापडतो तो गालात दडवतो आणि भांडं रिकामं होईपर्यंत बाकीच्यांना खात ठेवतो, ही आमची जुनी रीत.

संध्याकाळच्या आत दोघांचेही फोन, नाताळला येतायत. स्पेनचं ऊन गेलं खड्ड्यात!

२३ डिसेंबर
भात दुधात शिजवून गार करत ठेवलाय. बदाम सोलले, बारीक चिरले. अख्खा ठेवायचा तो कॉफीबरोबर मीच खाल्ला. छान होता.

सापडला नाही की पुढच्या वर्षीही येतील. त्याच्या पुढच्याही. मी आहे तोवर येतील.

२४ डिसेंबर
बदक संपताच खिरीचं भलंमोठं भांडं आणलं, वर चेरीचा गरम रस. खिरीत निम्मी साय, आणि आस्गरला डॉक्टरांनी साय बंद केलीय. तरी चापत होता.

"आ कर," मेरेटे त्याला म्हणाली. "गालात दडवलायस. लहानपणापासून चोर!"

"तूच आ कर. हावरटासारखी गिळून बसली असशील."

मी वाढतच होते. "घे गं, अजून थोडी. तळाशी असेल." मेरेटे अंगणात जाऊन ओकली, तोंड पुसत आली आणि पुन्हा चमचा उचलला. माझीच लेक!

लोने चिमणीसारखी खात होती. म्हटलं, "बदकाची कातडी कुरकुरीत करणं तुला कधी जमलं नाही, सूनबाई. निदान खीर तरी खा."

भांडं खरवडून झालं. मी नाणं परत ठेवायला उठणार, तेवढ्यात लोनेने रुमालाने ओठ टिपले आणि तळहात पुढे केला. बदाम. अख्खा, पांढरा, ओला.

'मी घातलाच नव्हता' म्हणू? आठवा ख्रिश्चन तिच्या हातावर ठेवला.

भांडी विसळताना हळूच म्हणाली, "घरून आणला होता, सासूबाई. तुम्ही घालणार नाही हे मला ठाऊक होतं. आता दर वर्षी यायला नको." वर मला हात पुसायला कोरडा फडका दिला.

मला तिची भीती वाटली. पहिल्यांदाच.

२५ डिसेंबर
गेले सगळे. वाईट एवढंच वाटतं, की ती माझ्या पोटची नाही.

३ जानेवारी १९८७
आस्गरचा फोन, अगदी रडकुंडीला आलेला. लोनेने सोनाराकडून डाग देऊन नाण्याला कडी बसवून घेतली — गळ्यात घालते! कोपनहेगनच्या नाण्यांच्या जाणकाराने पाहिलं आणि परत सरकवलं. म्हणाला, डाग दिला की नाणं बाद; आता हे नुसतं सोनं, वजनावर जाईल.

"तिला म्हटलं, अगं वेडे, केवढ्याला गेलं असतं! तर म्हणते, मला कुठे विकायचं होतं?"

नाणं त्याच्या घरात गेलं म्हणून मेरेटेने भावाशी बोलणं टाकलंय. मी ठसका लागेपर्यंत हसले.

"आई, हसतेस काय?" म्हणाला, आणि फोन आपटला.

त्यानंतर घर फार गप्प झालं.

२४ डिसेंबर १९८७
वाटीभर खीर केली. यंदा अख्खा बदाम घातला, खरंच घातला. पहिल्याच चमच्यात आला. सवयीने गालात दडवला, आणि वाटी संपेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.