कडी आतून

कोरगाव

प्रिय बाय क्षमा,

तिसरीपर्यंत शिकलेल्या हाताचं पत्र आहे, अक्षरं वाकडी दिसली तर मान वाकडी करून वाच. काजूच्या बोंडांचे दिवस, अख्ख्या गावाला वास सुटलाय. तुझा फोन आल्यापासून मी इतकी खूश, की पोदेराकडून पाव दोनदा घेतले! आईबापाला सोडून नातीने आधी आजीला विचारलं, ह्याला भाग्य लागतं गो.

तुझ्या मैत्रिणीने, रेश्माने काढलेली ती छोटी फिल्म बघितली. शेजारच्या प्रवीणने फोनवर लावून दिली, वर मोठ्या हौसेने म्हणतो कसा, बघ आजी, त्यांच्यात बायकांना कसं वागवतात! बघितलं आणि विळीवरचा हात तिथेच राहिला. नवऱ्याने फोनवर तलाक दिलेली बाई, भावाने खोलीत घातलेली, कडी बाहेरून. ती आत नमाजाच्या चटईवर बसून देवालाच विचारते, तू न्यायाचा ना, मग तुझं नाव घेऊन ही कडी लावतं कोण? दुपारचं जेवण गेलं नाही मला. तुझा आजोबा गेला त्या वर्षी मी आपल्या सातेरी देवीशी अशीच भांडले होते.

प्रवीण हसतच होता. म्हटलं, रे बाबा, तुझ्या बहिणीच्या, शीतलच्या लग्नात तुझ्या आईला ओटी भरायला दिली? नवरा नाही म्हणून मागच्या पडवीत नारळ खवत बसलेली. तिची कडी कोणी लावली? फोन उचलून गेला.

पण त्याहून धक्का बसला तो रेश्माचं ऐकून. फिल्मवरून घरच्यांनी तिला बाहेर काढलं, अनोळखी लोक घाणेरड्या धमक्या देतात, आणि तू विचारलंस, आजी, तुझ्याकडे राहू दे? रोजे धरणारी पोर ती, आपल्याच देवाला विचारलं तर एवढा राग?

तुझ्या बाबाला, सगुणला सांगितलं. तो म्हणे, आई, गाव बोलेल, आधी देवीचा प्रसाद लावू. गेलो. भटाने सातेरीला पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. गाऱ्हाणं घालायला सगुण उभा, मला म्हणे तू मागे बस. घर माझं, पोर माझ्याकडे यायची, आणि विचारणार हा! मीच पुढे झाले. म्हटलं, माये, एक पोर बेघर झालीय, तिला आणते, तुला सांगून ठेवते. आणि पाकळी पडायच्या आधी घरी आले. मागून सगुण आला, तोंड पाडून. कुठली पडली ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पत्र एवढ्यासाठी, की फोनवरच्या माझ्या ‘हो’वर रेश्माचा विश्वास बसायचा नाही. तिला हे हातचं अक्षर दाखव. मागची खोली झाडून ठेवलीय. पश्चिमेला तोंड करतात ना ती लोकं, तिथलं कपाट हलवून चटईपुरती जागा केलीय. गोकुळदास सुताराला बोलावून दाराची बाहेरची कडी काढायला लावली. आतून बसवून घेतलीय.

तुम्हा दोघींची वाट बघणारी,
तुझीच
सत्यवती आजी