डिंकाचे लाडू आणि बहात्तर तास

गाझियाबाद, सोमवार, संध्याकाळ

खालच्या मजल्यावरचा लॅबवाला देशपांडे आज दारात उभा. "वहिनी, मंडळाच्या गणपतीची एक आरती आमच्या मुलीला करू द्या ना. कॅनडाहून आलीये, शुक्रवारी परत चाललीये." आरत्यांची यादी मी करते, म्हणून ही गोडी.

करोनात मीही कॅनडालाच निघाले होते, माझ्या लेकीच्या, नेहाच्या बाळंतपणाला. विमानाआधीच्या बहात्तर तासांतली चाचणी हवी होती. यानेच नाकात काडी घातली आणि मग दोन दिवस फोनवर एकच, "प्रोसेसमध्ये आहे, वहिनी." रिपोर्ट आला तेव्हा विमान उडून गेलं होतं. नमुना याच्या फ्रिजमध्ये पडून आणि साहेब मेहुण्याच्या लग्नात! पोरीनं सगळं एकटीनं निभावलं. तिचे डिंकाचे लाडू शेवटी गेटवरच्या गार्डला दिले. अजून डिंक तळायला घेतला की हात थांबतो.

मी इतकी खुनशी आहे का? असेन. लाडू मी वळले होते.

आत्ताच त्याचा फोन येऊन गेला. म्हटलं, "बिलकुल, भाऊजी. प्रोसेसमध्ये आहे."

मग यादीत त्याच्या मुलीचं नाव लिहिलं, छान अक्षरात. शनिवारी.