मामाच्या गुडघ्याचा खरा रिपोर्ट

सावदा, बुधवार

चिरंजीव डॉक्टर नवीन यास तोताराममामाचे पोटभर आशीर्वाद. (आधी नुसतं 'डॉक्टरसाहेब' लिहिलं होतं. तुझी मामी म्हणाली, ज्या भाच्याला खांद्यावर बसवून केळीच्या बागेतून फिरवलं त्याला साहेब म्हणालात, तर पहिल्याच ओळीत त्याला कळेल की काहीतरी घोळ आहे. घोळ आहेच, पण तो जरा दमाने सांगावा म्हणतो.) तुझी तब्येत बरी असेल आणि उषाअक्काचा खोकला थांबला असेल. तिला सांग, धाकटा भाऊ पासष्टीतही तिला भितो. इकडे बाग, मामी आणि मी, सगळे ठीक आहोत. मी म्हणजे उजवा गुडघा सोडून बाकीचा.

अडीच वर्षांपूर्वी धुळ्याला तू माझा गुडघा बदललास, तेव्हापासून मी सावद्यात केळीवाला राहिलोच नाही, डॉक्टरचा मामा झालो. लग्नकार्यात लोक माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवू लागले. रावेरच्या एका हळदीत तर मी पायजमा वर करून टाक्यांची रेघ दाखवत बसलो आणि नवरदेव हळदीच्या पाटावर ताटकळला, कारण निम्म्या बायका माझ्या गुडघ्याभोवती होत्या. (मामी त्या दिवशी घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. पोचल्यावर सगळे एकदम बोलली.) कुणाचा सांधा कुरकुरला की मी छातीठोक सांगायचो, धुळ्याला जा, आमच्या भाच्याच्या हाताला यश आहे.

मग वर्षभराने तोच गुडघा गरम लागायला लागला. वैशाखात मी उन्हाला दोष दिला, पण पौषातही गरम लागला तेव्हा ऊन कुठून आणणार? त्याच वेळी तुला फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी स्टँडजवळच्या मगन मेडिकलवाल्याला गाठलं. तो बिचारा चिठ्ठी मागत होता, मी त्याला डॉक्टरचा मामा असल्याचं सांगितलं. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने गुडघा गार पडला, आणि मला युक्ती सापडली. आमच्याकडे माल भरताना डागी फणी खाली आणि चांगली वर ठेवणारे काही बहाद्दर असतात. मी जन्मभर त्यांना शिव्या दिल्या आणि म्हातारपणी स्वतःच्या पायाचं तेच केलं. तुझ्याकडे तपासणीला यायचं ठरलं की आठ दिवस आधी गोळ्या सुरू. तू सुईने गुडघ्यातलं पाणी काढायचास, लॅबला धाडायचास आणि त्यात काहीच उगवायचं नाही. मी मनात म्हणायचो, भाच्याचं नाव राखलं, पास झालो. तणनाशक मारलेल्या रानात तण उगवत नाही म्हणून तिथलं बी मेलं असं नसतं, एवढं मला, शेतकऱ्याला, कळू नये!

तरी तुझा संशय गेला नव्हता. सांधा सैल झालाय, पुन्हा उघडून बदलावा लागेल, पण आधी पंधरा दिवस एकही अँटिबायोटिक घ्यायची नाही, नाहीतर जंतू दबून बसतील आणि मला सापडणार नाहीत, हे तू मला तीनदा समजावलंस. मी तीनदा मान हलवली, आणि ऑपरेशनच्या आदल्या सकाळपर्यंत गोळ्या घेतल्या.

आता जे लिहायचं त्यासाठी तीन दिवस पेन घेऊन बसलोय. ऑपरेशनला माझ्या कंबरेत भुलीची सुई दिली होती, त्यामुळे पाय बधिर होते, कान नव्हते. हिरव्या कापडाच्या पलीकडे तू वेगवेगळ्या जागचे पाच तुकडे काढलेस, ते मी ऐकत होतो. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या डॉक्टरांचा फोन आला, की सगळं स्वच्छ दिसतंय. तुझं मन तरीही मानेना. तू कापडावरून वाकलास आणि हळूच विचारलंस, "मामा, खरं सांगा, एखादी तरी गोळी घेतलीत का? अजून वेळ आहे."

नवीन, मी घोरलो. झोपलो नव्हतो रे, नुसता घोरलो. आणि चांगला मोठ्याने, तुला शंका राहू नये म्हणून.

तू नवा सांधा बसवलास. चौदा दिवसांनी, तुकड्यांतून जंतू उगवतात का ते पाहणारा कल्चरचा रिपोर्टही कोराच आला, म्हणून मी गावात पेढे वाटले. दोन महिन्यांनी जखमेला भोक पडून पू वाहायला लागला. तू धुळ्याहून गाडी हाकत आलास आणि माझ्याच ओसरीवर मामीपुढे हात जोडून म्हणालास, "मामी, माझं चुकलं. जंतू आत होते आणि मला सापडले नाहीत." मी शेजारीच बसलो होतो. बशीतला चहा संपेपर्यंत मी मान वर केली नाही. तू धुळ्याच्या डॉक्टरांच्या सभेतही ही स्वतःची चूक म्हणून सांगितलीस, आणि बिघडलेले गुडघे यापुढे उघडणार नाही असं ठरवून माझी फाइल पुण्याला धाडलीस, हे अक्काकडून कळलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मामीला वीस दिवसांपूर्वी केळीच्या वेफर्सच्या डब्यात रिकामी पाकिटं सापडली. (तिला मधुमेह, म्हणून तो डबा सुरक्षित वाटला होता.) तिने आरडाओरडा केला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. तिच्या साक्रीकडच्या बोलीत एवढंच म्हणाली, "पोऱ्याले रोग कसा सापडी? तुम्ही त्याले दपाडी ठेयेल व्हता. आते तरी खरं सांगा."

रोग मीच तुझ्यापासून दडवून ठेवला होता, तेच सांगितलं. माझ्यामुळे तुझ्या हातांवरचा तुझाच विश्वास गेला, याची लाज वाटते. माफी मागायला तोंड नाही, म्हणून हाताने लिहिली आहे.

तुझा,
तोताराममामा

ता. क. पुण्याला मी जाणार नाही. हा पाय तूच उघडायचा. आज एकोणीस दिवस झाले, एकही गोळी घेतलेली नाही, मामी पहाऱ्यावर आहे. गुडघा सुजलाय, लाल झालाय, दुखतोय, काहीही लपवलेलं नाही. आता सुई टाक, नक्की उगवेल.

ता. क. दुसरा. पत्र मामीने वाचलं आणि परत हातात दिलं, म्हणाली, यात अजून एक गोळी दडवली आहे. खरं आहे. तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी हे केलं, असं मी तिला सांगितलं होतं आणि तुलाही तसंच वाटावं अशा बेताने वर लिहिलं. तसं नाही. जंतू तेव्हाच सापडले असते तरी तुझं नाव राहिलंच असतं, तू औषध केलं असतंस. लग्नकार्यातली माझी खुर्ची मात्र गेली असती. तेव्हा एवढं कर. सभेच्या पुढच्या बैठकीत हे पत्र मोठ्याने वाच. रोग्याचं नाव झाकायची तुमच्यात पद्धत आहे म्हणे, ती माझ्यापुरती मोड. तोताराम, मुक्काम सावदा, असं स्पष्ट वाच, आणि घोरल्याचं गाळू नकोस.