खास माल शेवटी

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घातला आहे, पण कागदावर पूर्ण समज.)

तुझी प्रकृती कशी आहे? भाऊजींची सर्दी काय म्हणते? गेल्या मंगळवारपासून त्यांना नेहमीपेक्षा जास्त शिंका येतात का? डोळे चुरचुरतात का? आणि घरात कुबट वास वगैरे? सगळ्या घरात नव्हे, स्वयंपाकघरात, आणि तिथेही खिडकीजवळच्या फळीच्या आसपास. नसेल तर उत्तमच. आपलं सहज विचारतो. या वयात बहीणभावाने एकमेकांच्या फळ्यांची चौकशी करत राहावं.

फोनच केला असता. पण मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलतो, आणि आमचं घर एवढंसं. मी फोनवर बोललो की ते आतल्या खोलीत चिमीला, वरच्या मजल्यावर टॅक्सीवाल्याला आणि खाली न्हाव्याला त्याच्या दुकानात ऐकू जातं. न्हावी तर अर्धी दाढी सोडून वर येतो आणि सल्ला देऊन जातो. तेव्हा काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

बातमी चांगली आहे. आपल्या चिमीला नोकरी लागली, असं समजायला हरकत नाही. ती मी लावली, असंही समजायला हरकत नाही, फक्त तिच्यासमोर तसं म्हणू नकोस.

तुला ठाऊकच आहे, तिने बुरशीत डॉक्टरकी केली. (बुरशी आपोआप येते, त्यासाठी कॉलेजात कशाला जायचं, असं तू तेव्हा म्हणाली होतीस. मी ते तिला सांगितलेलं नाही.) मोठी पदवी मिळाली, फोटो निघाला, आणि त्यानंतर तिच्या टेबलापाशी नुसती टकटक सुरू झाली. रोज अर्ज. मी मागे उभा राहून बघायचो. ती बटण दाबायची आणि अर्ज जायचा. कुठे जायचा, ते कुणी पाहिलंय? मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, पण एवढं मला कळतं की ज्या दुकानाचं दार दिसत नाही तिथे माल विकता येत नाही. मग एकदा नोकऱ्यांचा मेळावा भरला तिथे मी तिच्याबरोबर गेलो, पाण्याची बाटली धरायला. ताई, इतके शिकलेले लोक एका रांगेत मी जन्मात पाहिले नव्हते. आमच्या मागे आकाशातल्या ताऱ्यांवाला होता आणि पुढे गांडूळवाला. गांडूळवाला इतका खचलेला की त्याला पाहून गांडुळालाही गहिवरून आलं असतं. त्याने मला विचारलं, काका, तुमचा विषय काय? मी म्हटलं, कापड. तर म्हणाला, बरं आहे, त्यात जागा असतील.

हे असं चाललेलं असताना एक दिवस तिच्या कपाटावर मला नवी बॅग दिसली. मोठी, चाकांची. मी विचारलं नाही. तिनेच जेवताना सांगितलं की समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेने बोलावलंय, महिनाअखेरीपर्यंत होय-नाही कळवायचंय. म्हणाली, "बाबा, अजून ठरवलं नाहीये. पण इथे काही जमलं नाही, तर जावं लागेल." मी म्हटलं, जरूर जा, माझी काळजी करू नकोस, मी अगदी मजेत राहीन. मग मी बेसिनशी जाऊन हात धुतले, आणि बराच वेळ धुतले. तुझी भावजय गेल्यापासून या घरात आवाज करणारे आम्ही दोघेच. ती गेली तर मी ओरडून बोलणार कुणाशी? न्हाव्याशी?

म्हणून मी कामाला लागलो. तू जाणतेस, उभा जन्म मी कापडाचे नमुने घेऊन गावोगाव हिंडलो. त्या धंद्याचे तीन नियम. एक, दुकानदाराला माल हवा का असं कधी विचारू नये, तो नाहीच म्हणतो. त्याच्या फळ्यांकडे बघावं आणि काय कमी आहे ते ओळखावं. दोन, कापड घडीत दाखवू नये. उलगडावं, झटकावं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं. तीन, खास माल पेटीत बाकीच्यांबरोबर ठेवू नये. तो वेगळा बांधून जवळ बाळगावा आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की शेवटी काढावा. आता शास्त्रज्ञांचं चुकतं ते इथेच. ते दारोदार विचारतात, जागा आहे का? जागा कुणाकडेच नसते. विचारायला हवं, तुमच्याकडे काय बिघडतंय? बिघडलेलं प्रत्येकाकडे असतं. हे मी चिमीला सांगितलं. ती हसली. (पण नंतर तिने ते तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. ऐकू कमी येतं, पण असं काही असलं की येतं.)

विद्यापीठातली मुदत संपल्यावर तिला तिथलं कपाट रिकामं करावं लागलं. तेव्हापासून तिच्या बुरश्या आमच्या फ्रीजच्या खालच्या खणात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतात. चपट्या काचेच्या डब्या, प्रत्येकीत एकेक. काळी, हिरवी, राखाडी, आणि एक पिवळी. पिवळीवर तिचा फार जीव. ती बुरशी शेजारी दुसरी बुरशी वाढूच देत नाही म्हणे. (भाऊजींच्या मावशी अशाच होत्या.) आता ज्याला नमुने म्हणजे काय ते कळतं, असा माणूस इतका तयार माल फ्रीजमध्ये पडलेला पाहून स्वस्थ कसा बसेल?

मंगळवारी चिमी वाचनालयात गेल्यावर मी डबा पिशवीत घातला आणि निघालो. बस तुमच्या चौकात बदलावी लागते, म्हणून तुझ्याकडे चहा प्यायलो. पिशवीत काय आहे असं तू विचारलंस आणि मी चष्म्याचं घर म्हणालो. एवढं मोठं चष्म्याचं घर कुणाचं असतं, असा तुझा चेहरा झाला होता, पण तू मोठ्या मनाची, बोलली नाहीस.

तिथून गेलो तो ब्रेडच्या कारखान्यात. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी मॅनेजरला भेटायचंय असं म्हटलंच नाही. (तसं म्हटलं की कुणी आत सोडत नाही.) माल ठेवतात ती खोली कुठे, एवढंच विचारलं आणि चालू लागलो. आत कुणीतरी अडवून थेट मॅनेजरसमोरच नेलं. मॅनेजर म्हणजे डोक्याला जाळीची टोपी घातलेले, गोल चेहऱ्याचे सभ्य गृहस्थ. मी बसलो आणि विचारलं, तुमच्याकडे काय बिघडतं? ते म्हणाले, आमच्याकडे काहीही बिघडत नाही. ताई, ज्या ज्या दुकानदाराने मला हे ऐकवलं, त्याच्या मागच्या खोलीत कसर लागलेले तागे निघाले आहेत. मी समजलो, गिऱ्हाईक पक्कं.

मग मी डबा उघडला. एकेक डबी त्यांच्या टेबलावर मांडली, झाकणं काढली, आणि हिरवी उचलून, सवयीने, झटकून दाखवली.

त्यातून हिरवा धूर निघेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कापडातून निघत नाही. वर पंखा चालू होता. धूर आधी त्यांच्या चहावर बसला, मग जाळीच्या टोपीवर, आणि उरलेला दाराबाहेर गेला. मॅनेजर म्हणाले, "आजोबा, हे काय आहे?" मी म्हटलं, बुरशी, पण उत्तम प्रतीची. यानंतरचं नीटसं आठवत नाही, कारण सगळे एकदम पळू लागले. तपासणीच्या बाई तोंडाला फडकं बांधून आल्या. यंत्रं थांबली. मला पांढरा झगा चढवून एका काचेच्या खोलीत बसवलं, आणि येणारेजाणारे मला बघून जात होते. पाणी दिलं, पण तेही लांबून सरकवून.

चिमीला फोन गेला. ती टॅक्सीने आली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण काचेपलीकडून तिने एकच विचारलं, "बाबा, पंखा चालू होता का?" मी मान हलवली. मग ती माझ्याकडे बघेनाच. मॅनेजरना म्हणाली की ही बुरशी माणसाला त्रास देणारी नाही, पण वारा कुठून कुठे जातो ते मला बघू द्या. बाईंना बरोबर घेऊन, कापसाच्या काड्या घेऊन, ती कारखाना फिरली. दोन दिवस पुन्हा जात राहिली. निष्पन्न असं झालं की माझी हिरवी ऑफिसबाहेर पोचलीच नव्हती. पण ब्रेड गार करायच्या खोलीत, वरच्या हवेच्या नळात, त्यांची स्वतःची एक जुनी बुरशी आरामात नांदत होती. दुकानांतून पाकिटं परत येत होती ती तिच्यामुळे. काहीही न बिघडणाऱ्या मॅनेजरनी तेव्हा टोपी काढून डोकं खाजवलं.

सोमवारी कारखान्याचे मालक येणार आहेत. चिमीने सांगितलंय की नळ धुऊन भागणार नाही, पण माझ्याकडे एक पिवळी आहे जी असल्या बुरशीला वाढू देत नाही. ती दाखवते, पटली तर मला इथे प्रयोगशाळा काढून द्या. मालक प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत म्हणे. म्हणजे माझ्यासारखाच माणूस. तेव्हा जमल्यातच जमा आहे, काळजीचं काही कारण नाही, आणि मी काळजी करतही नाही.

भाऊजींना नमस्कार. लहान कुणी आले असतील तर त्यांना आशीर्वाद, आणि त्यांना फळीपाशी जाऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. वर एक सांगायचं राहिलं. तुझ्याकडे चहा झाल्यावर तू शेजारणीशी बोलायला दारात गेलीस, तेवढ्यात मी नमुने नीट लावून घेतले. तेव्हा नियमाप्रमाणे खास माल वेगळा काढला. पिवळी डबी माझ्या निळ्या रुमालात बांधली आणि क्षणभर तुझ्या खिडकीजवळच्या फळीवर ठेवली, चहाच्या डब्यामागे. तो क्षण अजून चालू आहे. काल चिमीने डबा उघडून विचारलं, पिवळी कुठे? मी म्हटलं, असेल त्यातच. तिने फ्रीज दोनदा रिकामा केला. तिच्याकडे ती एवढी एकच आहे. तर ताई, डबी उघडू नकोस, हुंगू नकोस, आणि मुख्य म्हणजे धुऊ नकोस. तुला हातात येईल ते धुवायची सवय आहे म्हणून पाया पडून सांगतो.

ता. क. २. हे पत्र घेऊन आलेला टॅक्सीवाला आमच्या वरच्या मजल्यावरचा. तो तुझ्या दारात उभा असेल, डबी त्याच्याच हाती दे. हा मजकूर खरं तर आधी वाचायला हवा होता, कारण त्याचं मीटर चालू आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो तर चिमी आली आणि विचारलं, कुणाला एवढं लिहिताय? मी म्हटलं, आत्याच्या तब्येतीची चौकशी करतोय. ती म्हणाली, "आत्याला लिहा, डबी उलटी ठेवायची, झाकण खाली." मी तिच्याजवळ डबीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तसं म्हटलं तर म्हणाली, "खास माल तुम्ही पेटीत कधी ठेवलाय का? लहानपणी मीच शोधून द्यायचे. आणि बस आत्याच्याच चौकात बदलते." मग आत गेली आणि टॅक्सीवाल्याकडे द्यायला म्हणून कपाटावरची ती नवी बॅग काढून आणली. डबीखाली टॉवेल घाल म्हणते, म्हणजे धक्का बसणार नाही. एवढ्याशा डबीला ती बॅग फार मोठी आहे. मी तिची चाकं तेवढी पुसून दिली.