दगडांची दुसरी बाजू

८ फेब्रुवारी

पाठीमागे नक्षी आहे!

गाभाऱ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीतला वरचा दगड क्रेननं उचलला, तो हवेत जरा गरकन फिरला आणि मी ओरडलेच – थांबा! बाहेरच्या अंगाला हजारेक वर्षं शंकर उभा आहे. आतल्या अंगाला, जे कुणी कधी बघितलंच नव्हतं, तिथे एक झाड, झाडाखाली रिकामं आसन आणि आसनापुढे वाकलेली माणसं. ही स्तूपावरची नक्षी. एका नाकाला धक्का लागलेला नाही.

मिस्त्री म्हणाला, "बाई, याला दोन्हीकडून नमस्कार करावा लागणार." मी म्हटलं, आधी तोंड मीट आणि ताडपत्री आण.

संध्याकाळपर्यंत भिंतीचा वरचा थर उतरवला. सगळ्यांच्या पाठी कोरलेल्या. अख्खं देऊळ स्तूपाच्या दगडांचं बांधलेलं! सगळे दगड शंकराची बाजू वर करून ठेवले आणि झाकले.

९ फेब्रुवारी

मूग गिळून बसायचं ठरवलंय. नाइलाज आहे. एप्रिलअखेर ही दरी धाकट्या भावाच्या धरणात जाणार. (आई म्हणते, एका पोटची दोन पोरं, एक बांधतो आणि एक सोडवते.) त्याआधी देवळाचा दगड न् दगड सुटा करून, त्यावर आकडा घालून, वर पठारावर नेऊन पुन्हा उभा करायचा. या पाठी बाहेर कळल्या की भांडण, भांडण झालं की काम बंद. धाकट्याचं पाणी कुणाच्या भांडणासाठी थांबणारं नाही.

शाळेत काय शिकलो होतो ते आठवत बसले. बंदरावर गबर झालेलं एक राज्य, त्याचा राजा बुद्धाचा, त्यानं स्तूप बांधला. मग डोंगरातून दुसरा आला, त्यानं बंदर घेतलं, स्तूप पाडला, देऊळ बांधलं. दारावरच्या लेखात तो स्वतःच सांगतो – 'शत्रूंची मुळं उपटली.' आणि मग नदी गाळानं भरली, जहाजं यायची बंद झाली आणि ते राज्यही बसलं. कुणी जिंकलं नाही, कुणी जाळलं नाही. बाजार उठला तसं उठून गेलं.

१४ फेब्रुवारी

विश्वस्त काका रोज दुपारी घडीची खुर्ची घेऊन येतात आणि आमच्यावर नजर ठेवतात. पणजोबांपासून यांच्या घरानं इथे दिवा लावलाय. आज विचारलं, "झाकून का ठेवता हो दगड?"

"ऊन लागतं ना, काका."

दगडाला ऊन! इतकी वर्षं उन्हात उभा राहिलेला दगड! काकांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली. उलट माझीच पाठ थोपटली, "जपताय हो बाई तुम्ही." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ फेब्रुवारी

पलीकडच्या विहारातले भंते आले. काकांच्याच वयाचे. दोघांमध्ये नमस्कार होतो, त्यापुढे गाडी जात नाही. भंते म्हणाले, "आमचा स्तूप इथेच कुठेतरी होता म्हणतात. काही सापडलं तर सांगाल ना?"

सांगेन की, म्हटलं. झाकलेल्या ढिगापासून माझे पाय हातभर लांब होते.

२५ फेब्रुवारी

पूर्वेची भिंत झाली. धाकट्याचा फोन. म्हणाला, वरच्या धरणातून पाणी सोडलंय, खालचा पूल गेला पाण्याखाली, आटप. मी म्हटलं, तूच जरा हळू भर. "ताई, ती काय बादली आहे?" दोघांनीही चिडून ठेवून दिला.

३ मार्च

फुटलं.

क्रेनवाल्यानं फोटो काढला, बायकोला पाठवला, बायकोनं भावाला. सकाळी आले तर ताडपत्र्या फेकलेल्या आणि दोन्हीकडची माणसं समोरासमोर. मधोमध माझे दगड. काकांच्या बाजूची पोरं म्हणतात, हे खोटं आहे, कुणीतरी आत्ता कोरलंय. भंतेंच्या बाजूची म्हणतात, चोरीचे दगड आहेत, आमचे आम्हाला द्या. एकानं एका दगडावर पहार उचलली. मिस्त्री त्या दगडावर जाऊन मांडी घालून बसला म्हणून दगड वाचला.

काका माझ्याकडे आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ऊन लागतं, काय?" एवढंच म्हणाले. भंतेंनी वाकून एक ताडपत्री उचलली आणि घडी घालून माझ्या हातात दिली. ते जास्त लागलं.

५ मार्च

दोघांनीही तक्रार केली. जिल्ह्याच्या साहेबांचा हुकूम आला – परिस्थिती जैसे थे ठेवावी. एकही दगड इकडचा तिकडे नको. मी म्हटलं, पाण्यालाही एक प्रत पाठवा! साहेबांना ते आवडलं नाही.

धरण त्यांच्या अखत्यारीत नाही म्हणे. म्हणजे पाणी चढणार आणि दगड बसणार.

११ मार्च

बैठक. साहेबांच्या खोलीत काका एका टोकाला, भंते दुसऱ्या. काका म्हणाले, देऊळ होतं तसं उभं राहील, पाठी आत. भंते म्हणाले, मग आमच्या राजाचा स्तूप पाडला तो पुन्हा एकदा पाडणार तुम्ही. काका म्हणाले, मी पाडलं का? भंते म्हणाले, तुमच्या दारावरच लिहिलंय! बाहेर पोरं घोषणा देत होती. प्रत्येक घोषणेनं आत दोघांचे आवाज एकेक पट्टी चढत होते.

साहेबांनी चहा ढवळत मला विचारलं, "मॅडम, दगड मधून चिरता येतात का? म्हणजे एक बाजू यांना, एक बाजू त्यांना?"

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. आणि भयंकर म्हणजे ते दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते!

येत नाहीत, म्हटलं. भुगा होईल. खरं तर येतात. चांगल्या करवतीनं अगदी सहज येतात. महिन्याभरातलं हे तिसरं खोटं, पण याची लाज वाटत नाही.

१९ मार्च

पाणी खालच्या पायरीला लागलं.

निम्म्या देवळाचे दगड पठारावर, निम्मं इथे. दक्षिणेची भिंत, गाभाऱ्याची जमीन, अख्खा पाया – सगळं पाण्याच्या वाटेवर आणि मी खुर्चीत. आयुष्यात असं हात बांधून कधी बसले नाही. मिस्त्री विटी-दांडू खेळतोय माणसांबरोबर. एकदा ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, "मग काय करू बाई, पाणी पिऊन टाकू?"

२२ मार्च

हुकूम मोडला. म्हणजे थोडासा. पाया भिजू नये म्हणून पंपासाठी चर खणायला परवानगी आहे. चराच्या वाटेत पायातला एक दगड आला. आणला वाटेत, असं खरं म्हणजे.

मिस्त्री आणि मी पहारीनं उलथवला. खालच्या अंगाला ओली माती. मी ओढणीनं पुसायला लागले आणि पुसता पुसता हातच थांबला.

एक राजा, एक राणी. राजा पिंडीपुढे हात जोडून. राणी स्तूपापुढे हात जोडून. पाठीला पाठ लावून उभे आहेत आणि दोघांवर एकच मोठं छत्र. धरणाऱ्यानं दोन्ही हातांनी धरलंय, बिचाऱ्याचे गाल फुगलेत. दगडही वेगळा, काळसर. नक्षीची धाटणी स्तूपाच्या आधीची, देवळाच्या तर कितीतरी आधीची.

म्हणजे या दोन राज्यांच्या आधी तिसरं एक होतं! त्याचं नाव कुठल्याही लेखात नाही, पुस्तकात नाही. अख्खं राज्य आलं आणि गेलं, आणि मागे राहिलं ते हे एवढं. आणि त्यांच्याकडे दोन्ही एकाच घरात होतं!

मी तिथेच चिखलात बसले आणि रडले. मिस्त्रीनं तोंड फिरवून घेतलं आणि पंप उगीचच चालू केला.

आता मिटलं. हे बघितल्यावर भांडायला उरतंच काय?

२३ मार्च

मी मूर्ख आहे.

दोघांनाच बोलावलं, पोरांना कळू न देता. काका खुर्ची विसरून आले. घोट्याएवढ्या पाण्यात दोघं दगडापुढे उकिडवे बसले. भंतेंनी राणीच्या पदरावरची माती बोटानं काढली. काकांचे डोळे भरून आले, मी पाहिलं. मग काका म्हणाले, "हिनं काही आपला राजा सोडला नाही." भंते म्हणाले, "आणि त्यानं तिला अडवलं नाही." दोघं हसले! मी मनात म्हटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

मग भंते म्हणाले, "हे कुणी बघितलंय?"

आपण चौघंच, मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

२४ मार्च

आज दोघं एका रिक्षातून आले. साहेबांनी सहा बैठका घेऊन जमलं नाही ते त्यांनी रात्रीत जमवलंय. देऊळ होतं तसं उभं राहील. भंतेंना प्रत्येक पाठीचा साचा घेऊन प्लास्टरची प्रत मिळेल, विहारात लावायला. दोघं तक्रार मागे घेतील, उद्याच्या उद्या. फक्त एक अट.

"तो दगड जिथे होता तिथे ठेवा," काका म्हणाले. "पालथा."

मी म्हटलं, काका, पाणी येतंय तिथे.

"माहीत आहे."

मी भंतेंकडे पाहिलं. मला वाटलं, ते तरी. ते म्हणाले, "बाई, तीन आठवडे मी माझ्या पोरांना सांगतोय की त्यांनी आपलं पाडलं. आता सांगू की इथे सगळे एका छत्राखाली होते? मला विहारात राहू देतील?"

"आणि मला घरात घेतील?" काका म्हणाले. "माझा नातूच सगळ्यात पुढे असतो घोषणा द्यायला."

मी जे तोंडाला आलं ते बोलले. म्हातारे झालात आणि पोरांना भिता! काका म्हणाले, म्हणूनच भितो.

उद्या दुपारपर्यंत उत्तर हवंय. एक दगड दिला तर सगळं देऊळ वाचतं. नाही दिला तर उरलेलं सगळंच पाण्यात, हा दगडही. हिशेब कुणालाही येईल असा आहे, आणि तरी मला तो करवत नाही. धाकट्याला फोन केला, नुसतं बोलायला. त्याचं लक्षच नव्हतं. "ताई, माझ्यामागे माझा ताप आहे," म्हणाला आणि ठेवला.

२५ मार्च

दिला.

मिस्त्री आणि मी मिळून ठेवला, गुडघाभर पाण्यात. काका आणि भंते वर काठावर उभे होते. पाणी गढूळ, त्यांना काय दिसणार! पालथा घाला म्हणाले होते. मी उताणा घातला. राजाराणी आभाळाकडे बघत राहिले असतील. फोटो काढला नाही – शब्द दिला होता. आता वाटतं, शब्द मोडायला हवा होता. त्या दारावरच्या राजाला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्यानं निदान लिहून तरी ठेवलं की मी केलं.

संध्याकाळी हुकूम उठला.

९ एप्रिल

दक्षिणेची भिंत वर गेली. माणसं दुप्पट लावली आहेत. हात सोलवटलेत. कुणाशी धड बोलत नाही मी. मिस्त्री म्हणतो, बाई, जेवा तरी.

२१ एप्रिल

शेवटचा ट्रक वर गेला. पाणी आता कमरेच्या वर. देवळातला एकही दगड खाली राहिला नाही, असं अहवालात लिहून सही केली.

१६ मे

पठारावर पायाचा दगड बसवला. काका आणि भंते, दोघांनी हात लावला. टाळ्या वाजल्या. दोन्हीकडची पोरं एकमेकांना पेढे दिल्यासारखी पाण्याच्या बाटल्या देत होती. साहेबांनी भाषणात म्हटलं, सामंजस्याचा आदर्श. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भंतेंनी पाहिलं आणि मान खाली घातली. खाली दरीत पाणी आरशासारखं पसरलेलं. सगळे त्याचे फोटो काढत होते.

मी मागे उभी राहिले. छाती भरून यायला हवी होती. देऊळ वाचवलं मी! पण मला सारखं वाटत होतं की मी चोरी केली आणि टाळ्याही घेतल्या.

२ जून

धाकटा घरी आला. न कळवता, भर दुपारी. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. चप्पलही काढली नाही. म्हणाला, "ताई, धरणाच्या भिंतीच्या पायातून पाणी येतंय. दोन महिने लपवत होतो, आता लपत नाही. धरण रिकामं करायचा हुकूम निघाला. सगळं."

सगळं म्हणजे?

"सगळं. तळापर्यंत. पंधरवड्यात दरी कोरडी होईल."

त्याचं आयुष्य बुडालं आणि तो माझ्यासमोर रडत होता. मी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. आणि देवाशप्पथ लिहिते, मला आतून हसू फुटत होतं.

काकांचे दोन फोन येऊन गेले. भंतेंचा एक. उचलले नाहीत. कॅमेऱ्याचा सेल चार्जिंगला लावलाय.